बाळू, बॅग भरायच्या आधी

तळेगाव ढमढेरे, ता. शिरूर

प्रिय बाळू,



तू पाठवलेले फोटो मोठे करकरून पाहिले. कुणाच्या तरी गॅरेजमधल्या जुन्या सामानात तुला निन्टेन्डोचा गेमक्यूब हा व्हिडिओ गेमचा सेट मिळाला, त्याच्यासोबत वेव्हबर्ड नावाचा बिनतारी रिमोट, आणि शिवाय जुन्या निन्टेन्डोचा अ‍ॅक्लेम कंपनीचा आणखी एक बिनतारी रिमोट. दिवाळीत हे सगळं घेऊन येणार, माळ्यावरचा आपला जुना गेमचा सेट, लिटिल मास्टर, खाली काढणार आणि पोरांना कॉटवर लोळत काँट्रा खेळायला लावणार, असा तुझा बेत. वहिनीनं डोक्याला हात लावला असेल. मी लावला नाही, पण बेताला थोडी कात्री लावते. वेव्हबर्ड नक्की आण. अ‍ॅक्लेमचा तिथेच कुणा हौशी माणसाला देऊन टाक. आणि लिटिल मास्टरला त्याची तार राहू दे. तार नाही म्हणून हे दोन्ही रिमोट तू एकाच पिशवीत घातलेस, पण दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

अ‍ॅक्लेमचा इन्फ्रारेडवर चालतो, म्हणजे टीव्हीच्या रिमोटसारखाच. सातवीच्या वर्गात मी दरवर्षी एक प्रयोग घेते. टीव्हीचा रिमोट मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि बटण दाबायचं. डोळ्याला काही दिसत नाही, पडद्यावर मात्र जांभळट ठिपका लुकलुकतो. पुढचा, सेल्फीचा कॅमेरा घ्यायचा, कारण मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. मग एका पोराला मध्ये उभं करायचं. ठिपका गायब. रिमोट हातभर वाकडा धरला, तरी ठिपका मंदावतो. वर्ग खूश होतो आणि मला अर्धा तास बोलावं लागत नाही.

आता हाच प्रकार मारिओला लावून बघ. मारिओ किती उंच उडी मारणार हे बटण किती वेळ दाबून धरलं यावर ठरतं. मध्येच कुणी समोरून गेलं, किंवा तुझाच हात खाली आला आणि उजेड तुटला, की सेटच्या लेखी तू बटण सोडलंस. मारिओ अर्ध्या उडीतून खड्ड्यात. काँट्राचे तीस जीव आठवतात ना? वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए. कोनामी कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतो यांनी १९८६ साली ग्रेडियस या खेळासाठी ही क्लृप्ती काढली, ती पुढे काँट्रात आली. दहा बटणांमधलं एक जरी पोचलं नाही, तर तीनच जीव घेऊन मरायला निघायचं. टीव्हीचा आवाज वाढवताना एखादं बटण हुकलं तर आपण पुन्हा दाबतो, इथे ती सवड नसते. आणि दिवाळीत आपल्या बैठकीच्या खोलीत समोरून कोण कोण जात असतं हे तुला मी सांगायला नको.

खुद्द निन्टेन्डोलाही याचा अंदाज होता असं मला वाटतं. १९८९ साली त्यांनी सॅटेलाइट नावाची एक पेटी काढली. चार जणांचे तारेचे रिमोट या पेटीला जोडायचे, आणि पेटी तेवढी इन्फ्रारेडनं सेटशी बोलणार. पेटी एका जागी टीव्हीकडे तोंड करून ठेवली की काम भागतं, मग माणसांनी हात कसेही हलवावेत. तिला सहा जाडे सेल लागायचे. म्हणजे तार गेली नाहीच, नुसती टीव्हीपासून कॉटपर्यंत सरकली. पण त्या काळातला इन्फ्रारेडचा सगळ्यात शहाणपणाचा वापर मी यालाच म्हणेन.

रेडिओवर चालणारे रिमोट तेव्हाही होते. अटारीनं १९८३ सालीच बिनतारी जॉयस्टिक विकायला काढली होती, डोक्यावर अँटेना आणि बुडाला बॅटरीसाठी हा भला मोठा ठोकळा. एका हातात धरून खेळायची वस्तूच नव्हती ती.

खरं काम झालं २००२ मध्ये, तुझ्या वेव्हबर्डनं. २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी, दोन पेन्सिल सेल, कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे वीस फुटांचा पल्ला आणि एका जोडीवर शंभर तासांपर्यंत खेळ. समोरून म्हैस गेली तरी फरक पडत नाही. त्यासाठी एक गोष्ट सोडावी लागली. गेमक्यूबचा तारेचा रिमोट हातात थरथरतो, हा थरथरत नाही, कारण त्या मोटरनं सेल पिऊन टाकले असते. मला हा सौदा पटतो. पुढे आलेल्या बिनतारी रिमोटांचा मार्ग यानंच मोकळा केला.

मात्र एक गोष्ट आत्ताच तपास. वेव्हबर्डचा रिसीव्हर, म्हणजे सेटच्या खाचेत बसणारा तो छोटा ठोकळा, फोटोत मला दिसला नाही. तो नसेल तर हातात आहे ते नुसतं प्लॅस्टिक. जुने वेव्हबर्ड बरेचदा एकटेच विकले जातात, कारण घर बदलताना रिमोट खोक्यात जातो आणि रिसीव्हर जुन्या सेटच्या खाचेतच राहून सेटबरोबर भंगारात जातो. तुझ्या जोडीतला हरवला असेल तर दुसऱ्या वेव्हबर्डचा चालेल. रिमोटवर आणि रिसीव्हरवर सोळा चॅनेलची एकेक चकती असते, दोन्हीकडे एकच आकडा लावला की झालं. दुसऱ्या कुठल्या बिनतारी रिमोटचा मात्र चालणार नाही.

त्या चकतीचा उपयोग तुला इथे आल्यावर कळेल. ज्या वर्षी वेव्हबर्ड निघाला त्या वर्षी तळेगावात २.४ गिगाहर्ट्झवर बोलणारं काय होतं? आपल्याकडे तर हा पट्टा कमी ताकदीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त झाला तोच २००५ साली. आज शेजारच्या तिन्ही घरांत वायफाय, आपल्या घरात एक, शिवाय सगळ्यांचे ब्लूटूथ, आणि तुझ्या सांगण्यावरून घेतलेला मायक्रोवेव्ह. सगळे त्याच पट्ट्यात. रिमोट अडखळला तर चकती फिरवून मोकळी जागा शोधायची.

लहरींची ही गर्दी मुलांना फळ्यावर समजत नाही, म्हणून राष्ट्रीय विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, जमेल तेव्हा मी त्यांना खोडदला नेते. नारायणगावजवळची ती महादुर्बीण, जीएमआरटी, तुला आठवते. गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या तीस अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण असतो की आसपासचा मोबाइलही त्याच्यासाठी गोंगाट ठरतो. वेव्हबर्डचा पट्टा त्या दुर्बिणीच्या ऐकण्याच्या कक्षेपलीकडचा आहे, पण एकाच वाटेवरून किती जण चाललेत याचं भान तिथे गेल्यावर पोरांना येतं. परतताना एसटीत कुणी ना कुणी विचारतंच, मॅडम, मग आमच्या घरातलं वायफाय एवढं हळू का? तिथून पुढे मी शिकवते.

आता आपल्या लिटिल मास्टरकडे ये. १९९४ मध्ये शॉ वॉलेसनं सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात आणला तेव्हा त्याची किंमत अठरा हजार होती. अण्णांनी तो आकडा ऐकून चहाचा कप खाली ठेवला असता. आपल्या वाट्याला आला निन्टेन्डोच्या जपानी फॅमिकॉम सेटच्या बेतावर केलेला लिटिल मास्टर, आणि त्यावर आपण कॅसेटी फुंकून फुंकून सुट्ट्या काढल्या. रिमोटच्या तारा आखूड, म्हणून टीव्हीला नाक लावून बसायचं आणि आईची बोलणी खायची. लोडशेडिंग कधीही यायचं, आणि सातव्या लेव्हलला गेलेला तू पुन्हा पहिलीत. तार पायात अडकून सेट खाली ओढण्याचं पुण्य बहुतेक तुझंच.

तरी त्या तारेतून काय चालतं ते एकदा समजून घे. सेट दर सेकंदाला पन्नास वेळा रिमोटला विचारतो, कोणती बटणं दाबली आहेत? रिमोटमधली एक छोटी चिप आठ बटणांची उत्तरं एकामागोमाग एकाच तारेवरून देते. ए, बी, सिलेक्ट, स्टार्ट, मग चार दिशा. पाच व्होल्ट, अर्थ, विचारणारी एक, ठेका धरणारी एक आणि उत्तराची एक, अशा पाचच तारा लागतात. जुना बिनतारी रिसीव्हर या रिमोटचं सोंग घेऊन बसतो, आणि सेटला पत्ताही लागत नाही.

मग अ‍ॅक्लेमचा का नको? एक कारण वर सांगितलं. दुसरं, अमेरिकन निन्टेन्डोचा रिसीव्हर सात पिनांचा, आपला सेट नऊ पिनांचा. आणि नऊ पिनांच्या बाबतीत एक सक्त ताकीद. अटारी, सेगा आणि आपल्याकडचे हे सेट, सगळ्यांची खाच दिसायला सारखी, नेटकं बसतंही, पण कोणत्या पिनेवर काय येतं ते वेगवेगळं. बसलं म्हणून जोडलं, तर व्होल्ट भलत्याच पिनेवर जाऊन चिप जळू शकते. मीटर लावून पिना तपासल्याशिवाय त्या सेटला कुणी काहीही जोडायचं नाही, तू इंजिनिअर असलास तरी.

तुला लिटिल मास्टर बिनतारी करायचाच असेल तर एक मार्ग आहे. ईएसपी३२ नावाचा छोटा बोर्ड पुण्यात तापकीर गल्लीत काही शे रुपयांना मिळतो. ब्लूरेट्रो ही फुकट, खुली प्रणाली त्यात भरली की आजचा जवळपास कुठलाही ब्लूटूथ रिमोट जुन्या सेटशी बोलू शकतो. डाग द्यायचं काम माझ्या वर्गातली दोन पोरं माझ्यापेक्षा चांगलं करतात. पण मग तो जुना बिनतारी रिमोट राहिला कुठे? खेळ जुना आणि हातात काल आलेली वस्तू, यात मला काही गोडी वाटत नाही. ठरव तू.

एवढं करूनही उशीर जाणवला, बटण दाबल्यावर जरा वेळानं उडी मारली, तर रिमोटला शिव्या घालू नकोस. जुना डब्बा टीव्ही येईल तशी रेघ काढायचा. आताचा एलईडी आधी चित्र मोठं करतो, गुळगुळीत करतो, मग दाखवतो. सेटिंगमध्ये गेम मोड शोध. बदकं मारायची बंदूक मात्र विसर, ती डब्बा टीव्हीशिवाय चालतच नाही. डब्बा हवाच असेल तर बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात चक्कर मारू.

निघण्याआधी सेलचा कप्पा उघडून बघ. आत पांढरी-हिरवी पूड साचली असेल तर ती कोणत्या सेलची आहे हे आधी पाहा. अल्कलाइन सेल गळतो तो अल्कलीच, त्यावर कापसाच्या बोळ्यानं व्हिनेगर किंवा लिंबू. साधा स्वस्त सेल गळतो तो आम्लधर्मी, त्यावर खायच्या सोड्याचं पाणी. उलट केलंस तर पूड निघत नाही आणि पत्र्याचा गंज वाढतो. शेवटी स्पिरिटनं पुसून चांगलं वाळव, आणि सेल काढूनच बॅगेत टाक.

आणि गेमक्यूबचा अमेरिकन अ‍ॅडॉप्टर इथे सॉकेटला लावायचा नाही. तो १२० व्होल्टचा, आपल्याकडे २३०. आतून १२ व्होल्ट डीसी, सव्वातीन अँपिअर निघतात, तेवढ्याचा अ‍ॅडॉप्टर मी इथून आणून ठेवते, फक्त पिनेचं टोक तिकडचंच लागेल, म्हणून जुन्या अ‍ॅडॉप्टरची वायर कापून आण. जुन्या निन्टेन्डोचा आणायचा विचार असेल तर तोही सोड, त्याचा तर नऊ व्होल्ट एसी असतो, डीसीही नाही.

आई म्हणतेय, पोरांना पुरणपोळी आवडते का ते विचार. आवडते ना? आणि रिसीव्हरची खालची बाजू आणि गेमक्यूबची मागची बाजू, दोन्हींचा फोटो या रविवारपर्यंत पाठव. पिना पाहिल्या की कळवते.

तुझी,
ताई