ऑल राइट?

परवा टीममधला एक मुलगा जेवताना शेजारी येऊन बसला. पहिल्यांदाच ऑनसाईटला निघालाय, डॅलसला. व्हिसा, बॅगेचं वजन, कुकर न्यायचा की नाही, सगळं विचारून झालं आणि मग म्हणाला, "तिकडचे लोक कसे असतात हो? अनोळखी माणसाशी नीट बोलतात का?"

मी म्हटलं, "अरे, बोलतात म्हणजे? थांबतच नाहीत." पलीकडून कोणीतरी विचारलं, "आणि लंडनचे?" मी म्हटलं, "ते सुरूच करत नाहीत." सगळे हसले, डबे बंद झाले. पण संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये अडकलो तेव्हा वाटलं, आपण जरा चुकीचंच सांगितलं.

डॅलसला मी २००६ साली गेलो. पहिल्या सकाळी दूध आणायला चालत निघालो. (तिथे चालत निघणं हीच मुळात संशयास्पद गोष्ट, पण तो वेगळा विषय.) समोरून एक आजोबा आले, तोंडभर हसले आणि म्हणाले, "हाऊ आर यू?" मी थांबलो. जेट लॅग आहे, झोप झाली नाही, असं सांगायला तोंड उघडलं, तोवर आजोबा वीस पावलं पुढे! हा प्रश्न नसून नमस्कार आहे, हे कळायला मला आठवडा लागला. दुकानातली कॅशियर बाई तर वीकेंडला काय केलं इथपासून सुरुवात करायची आणि बायकोला 'हनी' म्हणायची. हिला हनी म्हणणारी ती जगातली पहिली व्यक्ती. माझी अजून हिंमत झालेली नाही.

शेजारचं जोडपं पहिल्याच दिवशी म्हणालं, "एकदा घरी या, नक्की!" आम्ही साधीभोळी पुण्याची माणसं. हिने त्यांच्यासाठी बाकरवडीचं एक पाकीट बाजूला काढून ठेवलं. रोज पार्किंगमध्ये भेट, रोज तेच हसू, रोज गप्पा, आणि 'नक्की या'ची तारीख काही ठरेना. शेवटी पाकिटावरची तारीख उलटायला आली तेव्हा एका रविवारी आम्हीच ती चहाबरोबर संपवली. ही म्हणाली, "सगळं वरवरचं असतं रे यांचं."

मीही तसंच धरून चाललो होतो. मग ऑगस्टमध्ये, भर दुपारी, हायवेच्या कडेला माझी गाडी बंद पडली. बाहेर भट्टी पेटलेली. पाच मिनिटांत एक पिकअप ट्रक मागे थांबला. त्या माणसाने जंपर केबल काढल्या, गाडी सुरू करून दिली, पाण्याची बाटली हातात ठेवली आणि दुकानापर्यंत मागोमाग आला, वाटेत परत बंद पडली तर म्हणून. नाव विचारायचं राहूनच गेलं. आता याला वरवरचं कसं म्हणायचं?

कर्ट लेविन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९३३ साली जर्मनी सोडून अमेरिकेत आले आणि १९३६ साली त्यांनी या दोन समाजांची तुलना करणारा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं साधारण असं की अमेरिकन माणसाचे बाहेरचे पापुद्रे सहज उघडतात, पण अगदी आतली छोटीशी खोली बंदच असते. जर्मन माणसाचं दार मात्र बाहेरच लागतं. आपल्याकडे हे सांगायला मानसशास्त्र लागत नाही, कोकणातला फणस पुरतो.

मग २००९ मध्ये लंडन. पुलंची 'अपूर्वाई' वाचलेली असल्यामुळे इंग्रज माणूस आपल्याला ठाऊक आहे असा माझा गैरसमज होता. ट्यूबमध्ये खच्चून गर्दी, आणि आवाज फक्त गाडीचा. मी मुंबईच्या लोकलमध्ये दोन वर्षं काढलेला माणूस. तिथे चौथ्या सीटवर टेकू देणारा माणूस कर्जत येईपर्यंत पगारसुद्धा विचारतो. इथे समोरच्याच्या डोळ्यांत बघणंही चोरी. पुढे २०१६ साली एका अमेरिकन माणसाने लंडनच्या ट्यूबमध्ये 'गप्पा मारू या का?' अशा अर्थाचे बिल्ले वाटले होते. लंडनकर इतके घाबरले की गप्पा नकोत असं सांगणारे उलटे बिल्लेही निघाले!

भाषेचे अभ्यासक ब्राउन आणि लेव्हिन्सन यांनी सभ्यतेचे दोन प्रकार सांगितलेत. एक, समोरच्याला आपलं म्हणण्याची. दुसरी, समोरच्याला त्रास न देण्याची. इंग्रज दुसऱ्या पंथाचे. पण हे मला फार नंतर कळलं.

(मध्ये तीन महिने मेलबर्नला होतो. तिथे एकटा माणूस टॅक्सीत मागे बसला तर साहेबी थाट वाटतो, पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं. ऑफिसात पहिल्या दिवशी एकाने "हाऊ यू गोइंग?" विचारलं, मी म्हटलं, "बाय ट्राम." तो जोक तिथे मी निघेपर्यंत चालला.)

तर लंडन. आमच्या मजल्यावर समोर एक वयस्कर गृहस्थ राहायचे. अकरा महिन्यांत आमचं संभाषण एवढंच: ते म्हणायचे, "ऑल राइट?" मी म्हणायचो, "ऑल राइट." सुरुवातीला मला वाटायचं, आपण आजारी दिसतोय की काय.

फेब्रुवारी २०१० मध्ये एका रात्री पुण्याहून फोन आला. बाबा गेले. पहाटे चारला मी बॅग घेऊन लिफ्टपाशी उभा होतो. ही त्या वेळी पुण्यातच होती. समोरचं दार उघडलं. बहुतेक माझ्या खुडबुडीने त्यांना जाग आली असावी. सवयीने म्हणाले, "ऑल राइट?"

मी म्हटलं, "नाही. माझे वडील गेले."

ते क्षणभर तसेच उभे राहिले. "आय अॅम सो सॉरी," एवढंच म्हणाले. मग ड्रेसिंग गाउनवरच बाहेर आले, माझ्या हातातली बॅग घेतली, खाली टॅक्सीपर्यंत आले आणि गाडी वळेपर्यंत त्या थंडीत उभे होते.

तीन आठवड्यांनी परत आलो. दाराखालून सरकवलेलं एक पाकीट होतं, आत कार्ड, दोन ओळी. कॉरिडॉरच्या खिडकीत ठेवलेलं आमचं कढीपत्त्याचं रोप मी विसरूनच गेलो होतो. ते जिवंत होतं, माती ओली होती.

संध्याकाळी आईने दिलेलं बाकरवडीचं पाकीट घेऊन त्यांचं दार वाजवलं. त्यांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, "व्हेरी काइंड ऑफ यू" म्हणाले. मला वाटलं, आता आत बोलावतील. त्यांनी दारातच उभं राहून, या आठवड्यात थंडी जरा कमी झाल्याचं सांगितलं. मीही हो म्हटलं. दार लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिफ्टमध्ये भेटले. "ऑल राइट?"

"ऑल राइट," मी म्हटलं.