यात्रा हा विषय कोणाचा?

कार्तिक पौर्णिमेला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनाला दिंड्या येतात, बीड जिल्ह्यातलं कपिलधार माणसांनी भरून जातं, आणि यात्रा उठली की मागं थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे पेले उरतात. आमच्या एनएसएसचं शिबिर त्यानंतर लागलं. सकाळी झाडू, दुपारी पोतं, संध्याकाळी बौद्धिक. धबधब्याखालचा कचरा उचलून हात कुजकट वासानं भरले, की कोणालाही कायदा करावासा वाटतोच. तसा तो आमच्या पोरांनी केला, आणि शेवटच्या रात्रीच्या युवा संसदेत मांडायचं ठरलं. अध्यक्ष मी.

मला का, तर माझा आवाज मोठा आहे म्हणून. ‘शांतता राखा’, ‘सन्माननीय सदस्यांनी खाली बसावं’, ‘होयचं बहुमत आहे’ ही तीन वाक्यं पाठ केली की भागतं, असं सरांनी सांगितलं होतं. सभागृह म्हणजे मंदिराजवळचं एक पत्र्याचं शेड. डावीकडं विरोधक, उजवीकडं सरकार, मध्ये सतरंजी.

केंद्रीय पर्यावरणमंत्री झालेला मुलगा उठला आणि ‘तीर्थक्षेत्र कपिलधार स्वच्छता व संरक्षण विधेयक’ मांडायला त्यानं परवानगी मागितली. तो खाली बसायच्या आत विरोधी पक्षनेती उभी. “अध्यक्ष महोदया, हरकतीचा मुद्दा! हे विधेयक या सभागृहात येतच नाही. सातवी अनुसूची, राज्यसूची, नोंद 7. यात्रा हा राज्याचा विषय आहे. ही लोकसभा आहे.”

शेड एकदम गप्प. मी सरांकडं पाहिलं, सर मोबाइलकडं बघत होते. यात्रेसारख्या गोष्टीवर राज्यघटनेत नोंद असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. पण आहे. भारताबाहेरच्या यात्रा केंद्राकडं, संघसूचीत विसाव्या क्रमांकावर, आणि देशातल्या यात्रा राज्याकडं. म्हणजे हज आणि कैलास-मानसरोवर दिल्लीचं, कपिलधार मुंबईचं.

मागून कोणीतरी ओरडलं, “मग आपण विधानसभा आहोत असं समजा की!” निम्म्या सभागृहाला ते पटलं. तेवढ्यात केंद्रीय गृहमंत्र्यांनी विचारलं, मग माझं प्रमोशन झालं का डिमोशन? हशा झाला, माझी तीन वाक्यं संपली.

मदतीला आल्या त्या पाहुण्या म्हणून आलेल्या ताई. आमच्याच कॉलेजच्या माजी विद्यार्थिनी, आता एलएलबी करतात. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “अगं, निकाल तू द्यायचाच नाही. खऱ्या लोकसभेतही अध्यक्ष असा निकाल देत नाहीत.” लोकसभेच्या कामकाजाच्या नियमांत 72 वा नियम आहे. विधेयक मांडायलाच विरोध झाला तर एरवी दोन्ही बाजूंनी थोडक्यात निवेदनं होतात. पण हा विषय सभागृहाच्या अधिकारात नाही असा विरोध असेल, तर अध्यक्ष त्यावर पूर्ण चर्चा होऊ देऊ शकतात. मग सभागृह मत देतं. घटनेत बसतं की नाही याचा शेवटचा शब्द न्यायालयाचा. माझ्या छातीवरचा धोंडाच उतरला. मी पुकारलं, “या मुद्द्यावर चर्चा होईल.”

आणि चर्चा काय रंगली! एक म्हणाला, हा यात्रेचा कायदा नाहीच, नाव तीर्थक्षेत्राचं असलं तरी आत सगळं पाण्याच्या प्रदूषणाचं आहे. कायद्याचं नाव नव्हे, त्याचा गाभा बघायचा, हे न्यायालयांचंच सूत्र आहे. त्याला उत्तर आलं, की पाणीही राज्याचंच, स्वच्छता आणि सार्वजनिक आरोग्यही राज्याचंच. मग ताईंनी दोन दारं दाखवली. 1974 चा जलप्रदूषणाचा कायदा संसदेनंच केला, पण राज्यांच्या विधिमंडळांनी अनुच्छेद 252 खाली ठराव करून तसं सांगितलं म्हणून. 1986 च्या पर्यावरण संरक्षण कायद्यासाठी 1972 च्या स्टॉकहोम परिषदेचा आधार घेतला गेला, अनुच्छेद 253 खाली. म्हणजे अधिकार नाही म्हणून गोष्ट तिथंच थांबत नाही; वाट वाकडी असते, एवढंच.

‘अधिकार नसताना केला तर काय होतं?’ हे बीडच्या पोरांना शिकवावं लागलं नाही. मराठा आरक्षणाचा 2018 चा कायदा सर्वोच्च न्यायालयानं 5 मे 2021 ला रद्द केला. 50 टक्क्यांची मर्यादा हे त्याचं मोठं कारण होतंच, पण 102 व्या घटनादुरुस्तीनंतर मागास वर्ग ठरवण्याचा अधिकार राज्याकडं उरतो का, हाही प्रश्न होता. तीन विरुद्ध दोन मतांनी उत्तर आलं, उरत नाही. त्याच वर्षी 105 वी दुरुस्ती करून संसदेनं तो अधिकार राज्यांना परत दिला. शेडमधल्या निम्म्या मुलांना या तारखा तोंडपाठ होत्या.

विरोधी पक्षनेतीचं मात्र एक मला पटलं नाही. प्रत्येक भाषणात तीच नोंद 7. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा टाळी घ्यावीशी वाटली, तिसऱ्यांदा जांभई आली. कोणत्याही कार्यालयात गेलं की ‘हे आमच्याकडं येत नाही’ हे वाक्य आम्ही लहानपणापासून ऐकतोय. त्यापुढं ‘मग कोणाकडं येतं?’ याचं उत्तर देतो तोच खरा माणूस. आणि अधिकाराच्या नादात विधेयकातले बाकीचे खड्डे तिला दिसलेच नव्हते. ते भरपूर होते. खंड 5 मध्ये कचरा टाकणाऱ्याला सात वर्षं कैद आणि जवळच्या मांजरसुंब्याच्या चौकात फोटो. खंड 7 मध्ये मागच्या यात्रेतल्या दुकानदारांनाही शिक्षा. करताना जो गुन्हा नव्हता त्याची शिक्षा नंतर देता येत नाही, अनुच्छेद 20. खंड 8 सगळ्यांवर कडी: या कायद्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात दाद मागता येणार नाही! असं लिहून न्यायालयाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं 1997 सालीच एल. चंद्रकुमार खटल्यात सांगून ठेवलंय.

शेवटी मंत्र्यांनीच विधेयक मागं घेतलं आणि त्याचा ठराव केला: ‘हे सभागृह राज्य शासनाला शिफारस करते की…’ अमेरिकेत शाळकरी मुलांच्या अशा काँग्रेस स्पर्धा होतात, तिथंही हीच सोय आहे. आपल्या हातात असेल तर बिल, नसेल तर मत व्यक्त करणारा ठराव. ठरावावर बोलताना एकानं लक्षात आणून दिलं, की थर्माकोलच्या पत्रावळ्यांवर राज्यात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेनं बंदी आहेच. मग ‘नवा कायदा करावा’ हे शब्द खोडून ‘आहे त्याची यात्रेत अंमलबजावणी करावी’ असं लिहिलं.

दुसरं विधेयक ऊसतोड कामगारांचं. मांडणाऱ्या मुलाचे आई-वडील त्याच वेळी कर्नाटकात फडात होते. हे राज्याचं काम, असं सगळे म्हणायला लागले, आणि इथं उलटं निघालं. राज्याराज्यांतलं स्थलांतर संघसूचीत आहे, कामगार कल्याण समवर्ती सूचीत. संसदेनं 1979 मध्ये आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदाही केला होता, जो पुढं 2020 च्या संहितेत गेला. चूक होती ती एका खंडात: महाराष्ट्राचे निरीक्षक कर्नाटकातल्या कारखान्यांची तपासणी करतील. राज्याची सत्ता राज्याच्या हद्दीपर्यंत. ‘दोन्ही राज्यांचे निरीक्षक आपापल्या हद्दीत तपासणी करतील आणि कोयत्यांची, म्हणजे तोडणीच्या जोड्यांची, यादी एकमेकांना देतील’ अशी दुरुस्ती आली, आणि विधेयक आवाजी मतानं मंजूर झालं. यावेळी विरोधी पक्षनेतीनंही ‘होय’ म्हटलं.

शाळा-कॉलेजांत अशा संसदा भराव्यात ही शिफारस 1962 साली मुंबईतच झाली होती, अखिल भारतीय प्रतोद परिषदेत. तुमच्या कॉलेजात भरत असेल तर आधी एवढं ठरवा, की तुम्ही लोकसभा आहात की विधानसभा. आणि सातव्या अनुसूचीची झेरॉक्स अध्यक्षांच्या टेबलावर ठेवा. वीस-पंचवीस रुपयांत येते.