बुरशीनाशकाची बाटली उघडण्याआधी

चि. मुक्ता,


जास्वंदीचे फोटो पाहिले. पानं काळीकुट्ट झालीत, कळ्या गळतायत, आणि नर्सरीतून बुरशीनाशक आणलंयस. ते आज मारू नकोस. आधी ओल्या फडक्याने एक पान पूस. काळं निघून खालून हिरवं पान दिसलं, तर ही काजळी बुरशी. ती पानात शिरत नाही. किडीच्या अंगातून पडणाऱ्या गोड चिकट्यावर वाढते. पानाचा उजेड अडवते, एवढाच तिचा त्रास. रस शोषणारी कीड वेगळीच.

कोवळे शेंडे, कळ्यांचे देठ, पानांच्या पाठी तपास. कापसाचे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची ये-जाही असेल. चिकट्याच्या लोभाने त्या किडीची राखण करतात आणि तिला खाणाऱ्या किड्यांना हुसकावतात. म्हणून मुंग्यांची वाट आधी तोड: भिंतीला, कठड्याला टेकलेल्या फांद्या छाट. फार भरलेले शेंडे कापून पिशवीत बांधून टाक, कंपोस्टमध्ये नको. बाकी झाड पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धू. मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडं साबणाचं पाणी घालून, ऊन उतरल्यावर पानांच्या पाठीवर फवार. आठवड्याने पुन्हा. बाप्पाला वाहायची फुलं फवारणीआधी काढून घे.

जहाल कीटकनाशक मात्र नकोच. पपईवरचा पिठ्या ढेकूण 2008 मध्ये कोइम्बतूरला आढळला. तो जास्वंदीवरही पडतो. औषधांना तो दाद देईना. 2010 मध्ये परदेशातून आणलेल्या इवल्याशा परजीवी गांधीलमाश्यांनी त्याला आवरलं. असे मित्रकीटक तुझ्या गच्चीतही येतात, आणि विषाने आधी तेच मरतात.

गुलाबावरची पांढरी भुरी ही मात्र खरी रोगाची बुरशी. ती पानाचाच रस घेते, तिथे पाण्यात मिसळणारं गंधक चालतं, लिटरला दोन ग्रॅम; पण कडक उन्हात नको, पानं करपतात. निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे तरी गंधक मारू नकोस.

काळी पानं लगेच हिरवी होणार नाहीत, पण नवी पालवी स्वच्छ येईल. तोवर जास्वंद उपटायचं मनातही आणू नकोस.

तुझी,
मावशी