सेनापतींच्या गावची पेठ

आंदर मावळातून बाजाराला आलेल्या माणसाला सांगून पाहा की, बाबा, तू आत्ता एका ऐतिहासिक पेठेतून चालला आहेस. तो मान डोलावील आणि विचारील, विळ्याला धार कुठे लावून मिळेल? तळेगाव दाभाड्याच्या गावभागातल्या या पेठेला असलीच माणसं आवडतात. कौतुकानं थबकणाऱ्यांपुढे ती अवघडते. कामाला आलेल्याशी मात्र मोकळी होते.

तिचं कुळ लहान नाही. दाभाडे मूळचे इथले पाटील. 1717 मध्ये शाहू महाराजांनी खंडेराव दाभाड्यांना सेनापतिपद दिलं आणि पाटलाच्या गावातली ही वाट सेनापतींच्या दारची झाली. वाड्यावर घोडी बांधली जाऊ लागली की वैरण लागते, नाल लागतात, खोगीर शिवणारा लागतो, पागोटं रंगवणारा लागतो. सरदारांचं नाव होतं, संसार मात्र पेठ चालवते. तोरा तिला तेव्हाही परवडला नाही. 1731 मध्ये डभईच्या रणात खंडेरावांचे पुत्र त्रिंबकराव पडले, तेही परक्याशी लढताना नव्हे, बाजीराव पेशव्यांच्या फौजेशी लढताना. त्यानंतर घराण्याचा कारभार त्यांच्या आई उमाबाईंनी हाती घेतला. बाईमाणसाच्या शब्दावर फौज हलते, हे या पेठेनं पाहिलं आणि पचवलंही. बनेश्वर मंदिराजवळची खंडेरावांची कोरीव समाधी लोक मुद्दाम पाहायला जातात. पेठेला कोणी मुद्दाम पाहत नाही, आणि तिची त्याबद्दल तक्रार नाही.

तिचा खरा स्वभाव कळतो तो 1779 च्या जानेवारीत. राघोबादादांना पेशव्यांच्या गादीवर बसवायला मुंबईकर इंग्रजांची फौज बोरघाट चढून आली. 9 तारखेला ती तळेगावात पोहोचली, तर पुढ्यात जळकं गाव. मराठ्यांनीच ते पेटवलं होतं, शत्रूला दाणा मिळू नये म्हणून. दोन दिवसांत इंग्रजांचं अवसान गळालं. 11 च्या रात्री अवजड तोफा तळ्यात लोटून ते माघारी वळले, वडगावजवळ कोंडले गेले आणि 16 तारखेला तह करून सुटले. मराठ्यांकडून लढलेल्या महादजी शिंद्यांचं नाव झालं, वडगावचं नाव तहाला लागलं. राख झाली ती तळेगावची. आपल्याच माणसांनी लावलेली आग सोसून पुन्हा ओटे लिंपणारी ही बाई आहे. तिला दुखावणं सोपं नाही.

1858 मध्ये पुणे–खंडाळा आगगाडी सुरू झाली, तेव्हाही ती अशीच बसून राहिली. रूळ गावापासून लांबून गेले आणि ‘गाव’ व ‘स्टेशन’ अशी तळेगावची दोन बिऱ्हाडं झाली. हवापालटाला येणारे, बंगले बांधणारे स्टेशनकडे वळले. विसाव्या शतकाच्या आरंभी समर्थ विद्यालय आलं, पैसा-पैसा गोळा करून पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. गावाचा बोलबाला झाला. पेठ ग्रामदैवत डोळसनाथाच्या छायेत आपलं दुकान मांडून होती.

नातं तिनं जपलं ते इंद्रायणीपलीकडच्या आंदर मावळाशी. कुसूर घाटानं कोकण जवळ होतं तेव्हा वर मीठ येई, खाली धान्य जाई. पुढे आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण झालं, 1922 मध्ये भिवपुरीला वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी पाण्याखाली गेल्या. उरलेल्या खाचरांत आता इंद्रायणी तांदूळ डोलतो. 1987 मध्ये वडगाव मावळच्या संशोधन केंद्रानं दिलेलं हे वाण. आवणीच्या तोंडावर खत, मेणकापड, दोरखंड, लेकरांच्या वह्या, आणि सुगीनंतर राहिलेली लग्नाची खरेदी, या दोन हंगामांवर पेठेचं आणि खोऱ्याचं सोयरपण टिकलं आहे. उधारीची वहीही त्यातच आली.

जपानात सरदारांच्या जुन्या किल्लेगावांची निगा सरकार राखतं. हागी, काकुनोदाते इथल्या सामुराईंच्या गल्ल्या 1975 च्या कायदादुरुस्तीनं जपल्या. भिंतीची उंची, कौलाचा रंगही ठरलेला. आपल्या पेठेला असला धाक कधी नव्हता. तिचा दोषही तोच: ती विसराळू आहे. घडीव चिऱ्यांच्या जोत्यावर सिमेंटची तीन मजली इमारत चढते, कोरीव दरवाजा भंगारात जातो, दिंडीच्या जागी लोखंडी शटर येतं, आणि ती हूं की चूं करत नाही. आजची विक्री आज झाली पाहिजे, एवढंच तिचं तत्त्वज्ञान. सोसणाऱ्या माणसाचं सोसणं पाहून इतरांनी हात झाडावेत, हा मात्र तिच्यावर अन्याय आहे. तिला राखायचं तर तिची दुकानं चालू राहतील असंच राखायला हवं. गिऱ्हाईक हटवून नुसत्या भिंती रंगवल्या तर ती देखणी दिसेल, पण चार दिवसांत कंटाळून मरेल.

तेव्हा तिच्याकडे जायचं तर पिशवी घेऊन जा. सुतळी घ्या, तांदूळ घ्या, दोन रुपयांसाठी घासाघीस करा. वाड्याची वाट विचारली तर ती सांगेल, पण आधी विचारील, काय देऊ?