सोळा तासांचा हिशोब

१६ तास काही खायचं नाही, उरलेल्या ८ तासांत जेवायचं. इंटरमिटंट फास्टिंगचं गणित एवढंच. मी दुपारी १२ ते रात्री ८ ही वेळ निवडली, कारण सकाळची भूक मला मारता येते, रात्रीची नाही. पाच महिन्यांत सहा किलो उतरले. १६ तास भरले की फोनमधलं ॲप शाबासकी देतं. वेडेपणा आहे, पण बरं वाटतं.

आपल्याकडे हे रुजायला वेळ लागला नाही. चातुर्मासात एकभुक्त राहणारं कुणीतरी प्रत्येकाच्या नात्यात असतंच. शिवाय डॉ. श्रीकांत जिचकारांचा दोनदाच जेवायचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी घरोघरी पोचवला होता. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' हीसुद्धा आपलीच म्हण. कूट-तूप-बटाटा घातलेली साबुदाण्याची खिचडी ज्याने वाटीभर खाल्लीय, त्याला ती समजावून सांगावी लागत नाही.

उपाशी तासांत जादू मात्र नाही. २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये चीनमधल्या १३९ लठ्ठ लोकांवरचा अभ्यास आला. वर्षभर सगळ्यांना सारख्याच कमी कॅलरी. निम्म्यांनी मात्र सकाळी ८ ते दुपारी ४ एवढ्यातच खायचं. वजनं दोन्हीकडे उतरली, फरक म्हणावा असा पडला नाही. माझ्यापुरतं सांगायचं तर घड्याळामुळे रात्री अकराचं फरसाण बंद झालं. काम तेवढ्यानेच झालं असावं.

एकदा आईने विचारलं, "माझे किती भरतात गं?" मी तिच्या वेळा ॲपमध्ये टाकल्या. सगळ्यांचं आवरून रात्री साडेदहाला जेवण. सकाळी बिनसाखरेचा चहा, डबे, पूजा, धुणं. मग दुपारी अडीचला स्वतःचं पान. बरोब्बर १६ तास. ॲपने तिलाही शाबासकी दिली. "म्हणजे तीस वर्षं मी डाएटच करतेय की!" म्हणून ती खूप हसली.

आईला मधुमेह आहे. ती सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी घेते. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. अकराच्या सुमाराला तिला घाम फुटायचा, हात थरथरायचे. ती त्याला 'पित्त' म्हणायची आणि आलं चघळायची. त्या वेळांकडे बघताना मला ते पित्त आठवलं. दुसऱ्या दिवशी तसं झालं तेव्हा बोटाला सुई टोचून पाहिलं. साखर ६२. सत्तरच्या खाली गेली की ती धोक्याची. लगेच साखरपाणी दिलं, संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गोळीचा डोस कमी केला आणि बजावलं, गोळी घेतली की नाश्ता झालाच पाहिजे. उपास करायचा असेल तर आधी मला विचारा.

गोळीचं एका दिवसात जमलं. नाश्त्याचं अजून जमतंय. देवाच्या आधी, बाबांच्या आधी, सगळ्यांच्या आधी जेवायला बसणं तिला चोरी केल्यासारखं वाटतं. पहिल्या आठवड्यात ती ओट्याशी उभ्यानेच खायची. बाबांनी दोनदा विचारलं, "बरं नाही का तुला?"

आता नऊला मी तिच्यासाठी पोहे करते. वरून खोबरं-कोथिंबीर पेरताना माझे तीन तास उरलेले असतात आणि वासाने जीव कासावीस होतो. ती खुर्चीत बसते, बशी माझ्याकडे सरकवते. "घे गं एक घास, कोण बघतंय?"