माझगाव ते नागासाकी: गोन्सालोच्या वाटेने (भाग पहिला)

शुक्रवार, माझगाव

आजीने बॉटल मसाल्याची बाटली बॅगेच्या तळाशी दडपली आहे. ती कस्टममध्ये अडणार, असं पप्पांचं म्हणणं. आजी म्हणते, कच्ची मासळी खाणाऱ्यांकडे मसाला पोचवणं हेच खरं मिशन. आमच्या माथारपाखाडीत आठवडाभर हाच विषय आहे. शेजारच्या आंटीने तर सरळ विचारलं, "काय गं, जपान्यांना ख्रिस्ती करायला चाललीस?" मी म्हटलं, नाही, तिथल्या पॅरिशमध्ये साफसफाई, गाणी, मुलांशी खेळ आणि हुतात्म्यांच्या टेकडीचं दर्शन. पण यूथ ग्रुपच्या पत्रकावर 'मिशन ट्रिप' असंच छापलंय, त्यामुळे आंटीचं काही चुकलं नाही.

आमच्याआधी आपल्याकडून एक मुलगा जपानला गेला होता, 1572 साली. माझगाव तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यातलं बेट होतं आणि आमचं ग्लोरिया चर्च अजून उभं राहायचं होतं, ते 1632चं. (ते 1911 साली पाडून भायखळ्याला नवं बांधलं. आमच्या वाडीतली म्हातारी माणसं हे परवा घडल्यासारखं सांगतात.)

शनिवार, गास

निघण्याआधी त्या मुलाच्या गावी जायचं ठरलं होतं. दादरहून विरार लोकल, नालासोपाऱ्याला उतरून रिक्षा. गासच्या चर्चमध्ये मिस्सा मराठीत होती. आम्ही माझगावकर इंग्रजीत गाणारे; अर्धा ग्रुप नुसते ओठ हलवत होता.

गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज, आई वसईची. पंधरा-सोळाव्या वर्षी तो सेबॅस्तियाव गोन्साल्विस या जेझुइट फादरबरोबर जपानला निघाला. आमच्या हातात विमानाचं परतीचं तिकीट आहे. त्याला शिडाच्या जहाजातून पोचायलाच कितीतरी महिने लागले असणार. तिथली भाषा तो चटकन शिकला आणि जवळपास आठ वर्षं जेझुइटांच्या हाताखाली धर्मशिक्षण देत राहिला. तरी त्यांनी त्याला संघात घेतलं नाही. मग त्याने व्यापार केला, पैसा कमावला आणि पुढे मनिलात फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. 1593 साली फादर पेद्रो बाप्तिस्ता मनिलाचे दूत म्हणून जपानचा सत्ताधीश हिदेयोशीला भेटायला निघाले, तेव्हा दुभाषा म्हणून बरोबर घेतलं ते याला. (बाप्तिस्ता हे नाव ऐकून आमच्यातल्या एकाने लगेच टिळकांचे माझगावकर सहकारी काका बॅप्टिस्टा यांच्याशी नातं जोडून टाकलं. माझगावचा अभिमान!)

मंगळवार, नागासाकी

बँकॉकला विमान बदललं. फुकुओकाहून आगगाडी, मग वाटेत ताकेओ ओन्सेनला शिंकान्सेन. मसाला सुखरूप.

बुधवार, निशिझाका

नागासाकी स्टेशनपासून ही टेकडी पाच मिनिटांवर आहे. एका लांब भिंतीवर सव्वीस ब्राँझच्या आकृत्या ओळीने उभ्या आहेत. फुनाकोशी यासुताके या शिल्पकाराचं हे 1962 सालचं काम. पाय जमिनीला टेकलेले नाहीत, बोटं खाली सुटलेली आहेत. 1597च्या जानेवारीत हिदेयोशीच्या हुकमाने यातल्या चोवीस जणांचे कान क्योटोत कापले आणि थंडीत जवळजवळ महिनाभर त्यांना इथवर चालवत आणलं. वाटेत आणखी दोघं वाढले. 5 फेब्रुवारीला सगळ्यांना क्रुसावर चढवलं. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. 1862 साली तो संत जाहीर झाला. भारतात जन्मलेला पहिला.

मला मात्र गोन्सालोपेक्षा भिंतीवरच्या तीन ठेंगण्या आकृत्यांपाशी जास्त वेळ लागला. लुइस इबाराकी बारा वर्षांचा, अंतोनियो तेरा, तोमास कोझाकी चौदा-पंधरा. तोमासने वाटेतून आईला लिहिलेलं पत्र त्याच्या वडिलांच्या अंगावर सापडलं. बापलेक दोघंही याच टेकडीवर गेले. आम्ही फोटो काढत होतो. हे कळल्यावर एकेकाने फोन आत ठेवला, कुणी सांगितलं नव्हतं तरी.

गुरुवार, शुक्रवार

पॅरिशच्या आवारातलं गवत उपटलं, खिडक्या पुसल्या. भलतंच स्वच्छ आवार, पुसायला धूळ सापडेना. आम्हाला काम हवं म्हणून त्यांनी काम काढलं, अशी मला दाट शंका आहे.

रविवार

आज खरी गोष्ट घडली. मिस्सानंतर पॅरिशच्या आज्यांनी चहा आणि कास्तेला केक मांडला. आज्या बोलत होत्या, आम्ही हसत होतो. फोनमधलं भाषांतराचं अॅप दर दोन वाक्यांनी काहीतरी भलतंच बोलायचं. शेवटी एक व्हिएतनामी मुलगी मदतीला आली. वय एकोणीस. इथल्या वृद्धाश्रमात काम करते, इंग्रजी जेमतेम, जपानी मात्र घडाघडा. येण्याआधी ती वर्षभर गावी हीच भाषा शिकत होती. तिच्यामुळे कळलं की समोरच्या आजींचे पूर्वज छुपे ख्रिस्ती होते. 1614 साली ख्रिस्ती धर्मावर बंदी आल्यानंतर फादरशिवाय, चर्चशिवाय त्यांनी पिढ्यानपिढ्या प्रार्थना चालू ठेवली. 1865 साली ओउराच्या नव्या चर्चमध्ये येऊन फ्रेंच फादर पेतिजाँना ज्यांनी आपली ओळख दिली, ते उराकामीचे लोक यांच्याच गावचे. आजी मग तिच्याकडे वळून आपल्या गुडघ्यांविषयी बोलू लागल्या आणि ती मुलगी मान हलवत ऐकत राहिली.

इथे गोन्सालोचं काम ती करते आहे. आम्ही पाहुणे आहोत. पाहुण्यांनी गवत उपटलं म्हणून त्याला मिशन म्हणू नये. यात्रा म्हणावं, त्यात कमीपणा काहीच नाही. पुढच्या ग्रुपच्या पत्रकावर 'मिशन' छापायचंच असेल, तर निवड मुलाखतीने करू नका, भाषेने करा. जपानीची सगळ्यांत सोपी सरकारी परीक्षा एन-5. ती मुंबईत होते, पुण्यातही होते.