मागं सरायला जागा नाही

तारपा नाच रेल्वेच्या बोळात मावत नाही. आलिशान गाड्यांचे डबे आतून सजवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, पण या एका चित्राइतकं मला कशानंच छळलेलं नाही. गाडी महाराष्ट्राची म्हटली की इंटिरियरवाल्यांना वारली हवी आणि वारली म्हटली की तारपा नाचाचा तो गोल हवाच. पाहुण्यांच्या ओळखीचा असतो ना.

गोल बघायचा तर चार पावलं मागं जावं लागतं. डबा बाहेरून मोजला तरी सव्वातीन मीटर रुंद. त्यातून खोल्या काढल्या की उरतो तो बोळ. दोघं समोरासमोर आले तर एकानं अंग चोरायचं, एवढाच. प्रवासी दांड्याला धरून, हेलकावे खात चालतो. भिंत त्याच्या खांद्याला लागून असते, त्यामुळे चित्र तो समोरून बघतच नाही, कडेनं बघतो. कडेनं गोल चेपतो आणि नाचणारे एकमेकांच्या अंगावर जातात. मी गोल मुद्दाम आडवा ताणून काढला. चालताना झकास दिसला, पण कुणी थांबून समोरून पाहिलं की भोपळा. शेजारशेजारच्या पॅनेलवर वाटून पाहिला, तर मधल्या पट्ट्यांनी साखळी तोडली. तारप्याच्या नाचात साखळी तुटून कसं चालेल? तारपा वाजवणाऱ्याकडे पाठसुद्धा करायची नसते तिथं. लहान करून पाहिला, तर कमरा गेल्या.

कमरेचं सांगायलाच हवं. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे राहिले की वारली माणूस होतो. ते टोक केसभर जाड झालं की माणूस नाचायचा थांबतो, नुसता उभा राहतो. आता माझ्या हाताला कंप आहे. कंबर साधत नाही.

म्हणून या वेळी डब्यांचं नूतनीकरण निघालं तेव्हा माणसं काढायचं काम माझ्या शिष्येकडे गेलं. डहाणूकडची पोरगी, तिची आजी लग्नात भिंतीवर चौक लिहिते. रिकाम्या बोळातून ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडली आणि म्हणाली, "काका, इथं मागं सरायला जागाच नाही. नाच कशाला? वरात काढू."

खोल्यांच्या दारांमधल्या पट्ट्यांवर तिनं वरात काढली. दार आलं की वरात त्यामागे जाते आणि पलीकडून निघते, जणू घरामागून फिरून आली. जेवणाच्या डब्याकडे निघालेला प्रवासी वरातीबरोबर चालतो. परतताना? तेही तिच्या डोक्यात होतं. खाली, कमरेच्या उंचीवर, उलट्या दिशेनं मोळ्या घेऊन घरी निघालेल्या बाया. तारपा तिनं लाउंजच्या टोकाच्या भिंतीवर नेला. मागं सरायला जागा असलेली गाडीतली ती एकच भिंत. मला ते काम बघून हेवा वाटला. गोलाचा माणूस म्हणून या धंद्यात माझं नाव होतं आणि ते मला फार प्रिय होतं, आजही आहे.

बाकी सामान कसं वापरावं लागतं ते या कामातल्यांना माहीत आहे. आगीचे नियम कडक, त्यामुळे गेरू नाही की तांदळाचं पीठ नाही. पण वरचा हात तरी मॅटच द्या. चकचकीत हात दिला की रात्री दिव्याची तिरीप अर्धी रेघ खाते.

व्हाइनलवर छापून डबाच्या डबा एका रात्रीत चिकटवणारे आता बोकाळले आहेत. त्यांच्या वरातीत एकच माणूस पुन्हापुन्हा चालतो. दुसरे आहेत ते कमानीवाले. 1982 साली 'पॅलेस ऑन व्हील्स' सुरू झाली तेव्हा तिला संस्थानिकांचे खरेच डबे होते, महाल शोभत होता. 2008 च्या 'गोल्डन चॅरिएट'नं डब्यांना कदंब, होयसळ अशी राजघराण्यांची नावं दिली, तेही पटतं. पण वारली कुडाच्या भिंतीवरची. तिच्याभोवती सोनेरी एमडीएफची महिरप ठोकणाऱ्याला मी कारागीर मानत नाही.

लग्नाचा चौक लिहिणाऱ्या सवाशिणी खाली नाव घालत नाहीत, मी मात्र नावासाठी भांडत आलो. जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाली तेव्हा निदान एका वारली चित्रकाराचं नाव लोकांच्या तोंडी आलं. गाडीच्या माहितीपत्रकात मात्र 'वारली कलेने सजवलेले डबे' एवढंच छापतात. गाड्या चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे: त्या बोळात, वरात सुरू होते तिथं, या पोरीच्या नावाची पाटी लावा. आणि पाटीवर जागा उरलीच, तर खाली माझंही नाव घाला.